दत्तकविधान

"आजी, मला तीन कुटुंबं दत्तक मिळाली!" पुतणीने चपला काढायच्या आधीच जाहीर केले. आमची आई देवापुढे वाती वळत बसली होती. तिच्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला. "अगं, तुझं अजून लग्न व्हायचंय," ती म्हणाली. "आणि घ्यायचंच तर एखादं मूल घे. अख्खी कुटुंबं कशाला?"

दत्तक हा शब्द इंदूरच्या मराठी घरात जपून उच्चारावा लागतो. होळकरांचे गाव आहे. तुकोजीराव दुसरे १८४४ मध्ये दत्तक म्हणूनच गादीवर आले. राजाने केले म्हटल्यावर प्रजेनेही केले, आणि कुठल्या दत्तकाकडे कुणाचा वाडा गेला, कुणाचे चांदीचे देव गेले, हे लोक अजून बोटे मोजून सांगतात. आमच्या वाड्याच्या मागच्या चौकाचा दावा एका दत्तकापायी अठ्ठावीस वर्षे चालला. मी ज्या स्टेट बँक ऑफ इंदौरमध्ये जन्म काढला, तिलाही २०१० मध्ये मोठ्या स्टेट बँकेने पोटात घेतले, आणि दत्तकाचे होते तेच झाले, आडनाव बदलले. तेव्हा आईचा दुसरा प्रश्न "वाटणी कशी होणार?" हा असणार, हे मला ठाऊक होते.

पुतणीने समजावून सांगितले. ती इथेच इंदुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. २०२१-२२ च्या बॅचपासून नॅशनल मेडिकल कमिशनचा नियम आहे, की प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली किमान तीन कुटुंबे 'दत्तक' घ्यायची. शिक्षण चालू आहे तोवर त्यांच्याकडे जात राहायचे, वजने करायची, ब्लडप्रेशर बघायचे, पोरांना लसी टोचल्या की नाही विचारायचे आणि सगळे फॉर्मात भरायचे. याला फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राम म्हणतात.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "म्हणजे दत्तक तू घेणार, आणि राहणार ती आपापल्या घरी. खर्च?"

"खर्च काही नाही गं."

"मग याला दत्तक नाही म्हणत. याला हळदीकुंकवाला जाणं म्हणतात."

यामागचा हेतू चांगला आहे, हे मी आईलाही सांगून पाहिले. डॉक्टर शहरात शिकतो, शहरातच दुकान मांडतो, आणि खेडे त्याला भेटते ते पुस्तकात, बरेचदा परीक्षेच्या आदल्या रात्री. ही तक्रार आजची नाही. इंदुरात डॉक्टरकीचे शिक्षण १८७८ पासून आहे, म्हणजे त्याच दत्तक तुकोजीरावांच्या अमदानीपासून. त्या मेडिकल स्कूलमधून लायसेन्शिएट बाहेर पडत. पूर्ण डिग्री नाही, धाकटा कोर्स, पण लहानसहान गावांतले दवाखाने चालत ते त्यांच्याच जिवावर. आमच्या पणजोबांच्या गावाला असाच एक डॉक्टर घोड्यावरून येई, अशी घरात कथा आहे. घोडा लंगडा होता, हेही कथेत आहे. डॉक्टर कसा होता, ते नाही.

पुढे १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले, की असे दोन प्रतींचे डॉक्टर नकोत, देशभर एकच पक्की पदवी हवी. त्या पदवीत तीन महिने समाजाचे आणि रोगप्रतिबंधाचे शिक्षण घाला, म्हणजे 'सोशल फिजिशियन' तयार होतील. समितीतल्या काही जणांना ते पटले नाही, पण पटले नाही हे नोंदवण्यापलीकडे समितीत काही करता येत नाही. १९४८ मध्ये इंदुरात महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज, म्हणजे एमजीएम, उघडले. पदवी पक्की झाली, घोडा गेला, आणि घोड्यामागोमाग डॉक्टरही गेला.

तेव्हापासून त्याला परत खेड्यात नेण्याच्या योजना निघत आहेत. १९७७ मध्ये एक निघाली, 'री-ओरिएंटेशन ऑफ मेडिकल एज्युकेशन'. तिचे लघुरूप झाले 'रोम'. आमच्या गल्लीतला एक मुलगा तेव्हा मेडिकलला होता. त्याच्या आईने 'आमचा रोमला चालला' म्हणून पेढे वाटले. तो गेला सांवेरला. इंदुराहून बसने तासाभराचा रस्ता. परत येताना भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला.

आईला या कशाचेच कौतुक नाही, कारण तिच्याकडे भक्ती यादवांचे उदाहरण तयार असते. त्या महिदपूरच्या, मराठी घरात जन्मलेल्या, एमजीएमच्या सुरुवातीच्या तुकडीत शिकलेल्या आणि इंदूरच्या पहिल्या महिला एमबीबीएस. नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात त्यांनी वर्षानुवर्षे गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणे केली, आणि नव्वदीपर्यंत बायका तपासत राहिल्या. सगळे शहर त्यांना 'डॉक्टर दादी' म्हणे. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. "त्यांनी कुठला फॉर्म भरला होता?" असे आई विचारते. याला उत्तर नसते, म्हणून पुतणी अभ्यासाला उठते.

तो अभ्यास हाही घरात एक घोळ आहे. या विषयाला आता कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, पोरे 'प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन' या जुन्या नावाच्या सवयीने पीएसएम म्हणतात, आणि पुस्तकाला नुसते 'पार्क'. के. पार्क यांचा हा ग्रंथ छापून येतो जबलपूरहून, म्हणजे आमच्याच प्रदेशातून. जाडीला तो दुपारच्या झोपेत उशाला बरोबर बसतो, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. "रोज संध्याकाळी पार्क करायचंय म्हणते," आई माझ्याकडे तक्रार करते, "आणि घरातून हलत नाही."

त्या पार्कात सगळे खेडे आहे. विहिरीला कठडा किती उंच, चौथरा कसा, संडासापासून विहीर किमान पंधरा मीटर हवी, सगळे आकृत्यांसह. पुतणीने टेप घेऊन वाड्याची विहीर मोजली. संडासापासून सात पावले. दोन्ही आजोबांनी बांधलेली, त्यामुळे कुणी बोलत नाही, आणि नळाला नर्मदा येत असल्याने कुणी त्या विहिरीचे पीतही नाही. तरी तिने विहिरीत किती लिटर पाणी आहे याचे गणित केले आणि ब्लीचिंग पावडर किती लागेल ते काढायला काकूचे कप मागितले. हे मोजायच्या हॉरॉक्सच्या उपकरणात सहा पांढरे पेले आणि एक काळा असतो. काळ्यात पावडरचे पाणी करायचे, त्याचे थेंब पांढऱ्या पेल्यांत एक, दोन, तीन असे चढत्या क्रमाने घालायचे, अर्धा तास थांबायचे, आणि मग रंगद्रव घातल्यावर निळा होणारा पहिला पेला कितवा ते बघायचे. आमच्याकडे चौथा निळा झाला. काकूने साती कप मोलकरणीला देऊन टाकले आणि नवा सेट आणला. संशोधनाला अनुदान लागते ते असे.

मग मोजपट्ट्या आल्या. शहरातल्या कुटुंबाची पत मोजायची पट्टी वेगळी, खेड्यातल्याची वेगळी. खेड्याची पारीक यांची, १९६४ सालची, नऊ कलमांची. जात, व्यवसाय, शिक्षण, जमीन, घर, बैलजोड्या, असे बरेच. सराव म्हणून तिने मलाच लावली. जमीन? नाही. बैल? नाही. बैलगाडी? "काका, पंचायतीचे सदस्य आहात?" मी सोसायटीच्या गणेशोत्सवाचा खजिनदार आहे, असे सांगितले. तिने थोडा विचार करून एक गुण दिला. छत्तीस वर्षांची नोकरी, पेन्शन, वाड्यातला हिस्सा, दोन फिक्स्ड डिपॉझिट, आणि दोन बैल बाळगणारा कुठलाही शेतकरी माझ्या वर.

बाँडचे प्रकरण तर माझ्या व्यवसायातले, म्हणून मी लक्ष घातले. बँकेत बाँड म्हणजे आपण पैसे द्यायचे, मग सरकार व्याज देते. इथे उलटे. सरकारी कॉलेजात शिकलात की एक वर्ष खेड्यात नोकरी करा, नाहीतर लाखांत रक्कम भरा. आमच्या ओळखीत एका गृहस्थाने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे बाँडला भरले, आणि लग्नाच्या बोलणीत तीच रक्कम मुलीच्या शिक्षणाच्या खर्चात दाखवली.

जी पोरे जातात, त्यांचे वेगळेच. पुतणीच्या एका सिनियरला मी विचारले, प्राथमिक आरोग्य केंद्रातले पोस्टिंग कसे वाटते? तो म्हणाला, "एकदम मस्त, अंकल. दुपारी दोननंतर शांतता. मी तिथंच नीट पीजीचा सगळा सिलॅबस दोनदा वाचला." म्हणजे खेडे आवडले, कारण तिथे खेड्यातून कायमचे निघण्याचा अभ्यास निवांत होतो. पोरगा हुशार आहे. रेडिऑलॉजी मिळाली. आता अंधाऱ्या खोलीत बसतो आणि पेशंट त्याला दिसतो तो बहुतेक आतून.

भाषेचा मुद्दा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या राज्यात हिंदीतून एमबीबीएस सुरू झाले. भोपाळला अमित शहांच्या हस्ते अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री यांची हिंदी पुस्तके निघाली. आदल्याच दिवशी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान म्हणाले होते, की औषधांची नावे हिंदीत लिहायला काय हरकत आहे, वर 'श्री हरि' लिहा आणि खाली क्रोसिन. लगेच सतना जिल्ह्यातल्या एका सरकारी डॉक्टरांनी तशी चिठ्ठी लिहिलीही. आईला ही कल्पना फार आवडली. तिच्या मते डॉक्टर लोक आधीपासूनच चिठ्ठीवर काहीतरी देवाचे लिहितात. अक्षर कळत नाही एवढेच.

पण हिंदी आणि खेड्यातली हिंदी यांच्यात जे अंतर आहे, ते मला कळले महूच्या पुढे, मानपूरच्या अलीकडच्या एका ओसरीवर. त्या दिवशी पोरींची बस चुकली आणि मला गाडी काढावी लागली. गाडीत मी, चार भावी डॉक्टर, एक वजनकाटा, ब्लडप्रेशरचे यंत्र, पोरांच्या दंडाला लावायच्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या, आणि सराफ्यातून आदल्या रात्री आणलेली, पोरींच्या म्हणण्याप्रमाणे 'फक्त वाटेत तोंडात टाकायला' शेव. दोन किलो.

पुतणीचे दत्तक कुटुंब म्हणजे एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, सुना, नातवंडे. म्हातारीला सगळे मांजी म्हणतात. तिने आम्हाला खाटेवर बसवले, पाणी दिले, आणि स्वतः समोर उकिडवी बसली, मुलाखत द्यायला तयार.

पुतणीने फॉर्म उघडला. "मांजी, आपके परिवार में कुल कितने सदस्य हैं?"

म्हातारीने विचार केला. "जीमवा वाळा के कमावा वाळा?"

जेवणारे की कमावणारे. पार्कात हा फरक नाही. पुतणीने पेन चावले आणि जेवणारे लिहिले. आकडा नऊ निघाला. कमावणारे विचारले असते तर, मांजीच्या मते, एक निघाला असता आणि तोही अर्धा.

"आपकी आयु?"

म्हातारीने दूर महूच्या दिशेला हात केला. छावणीत गोरे सोजीर होते तेव्हा ती डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन आईबरोबर विकायला जायची. पुतणीच्या मैत्रिणीने सत्तेचाळीस साल धरून हिशेब मांडला. मांजी तिला थांबवून म्हणाली, की तेव्हा तिचे दुधाचे दात पडले होते, हेही लिही. मुलीने लिहिले. खरे सांगायचे तर त्यानेच हिशेब जुळला.

मग आले संडासाचे कलम. फॉर्म इंग्रजीत, त्यात 'ओपन एअर डेफिकेशन'. पुतणीने मनात मराठी केले, 'परसाकडे', मग त्याचे हिंदी करायला गेली तर 'शौच' हा शाळेतला शब्द आला. म्हातारी बघत राहिली. दुसरीने 'मल-त्याग' वापरला. म्हातारीने सुनेकडे पाहिले. तिसरीने 'दिशा-मैदान' म्हटले, तेव्हा मांजीला वाटले की पोरींना खेळायला मैदान हवे आहे, आणि तिने शाळेकडे बोट दाखवले. इंदुरी मराठीत मी काहीतरी पुटपुटलो. पुण्याचे पाहुणे म्हणतात की आमचे मराठी हिंदीतच बोलून राहिले असते, पण त्या दिवशी तेही कामाला आले नाही. शेवटी एका सुनेला कळले. ती पदर तोंडाला लावून हसली आणि सासूला म्हणाली, "अरे, मोशन के बारे में पूछ री है."

"हां, मोशन!" मांजीचा चेहरा उजळला. "तो सीधो बोलनी थी." आणि तिने लूज मोशन, गॅस, शुगर, बीपी, सोनोग्राफी या विषयांवर दहा मिनिटे सांगितले. एका सुनेच्या दोन सोनोग्राफ्यांच्या तारखा तिला पाठ होत्या. तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले की तो बाटली चढवतोच, न चढवली तर लोक समजतात की डॉक्टर शिकाऊ आहे, हेही तिने सांगितले. "तुम चढाओगी?" तिने विचारले. पुतणीने समजावले, की सलाइन प्रत्येकाला लागत नाही, मीठ-साखरेचे पाणीही पुष्कळदा पुरते. मांजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी प्रेमाने. पोरगी शिकाऊ आहे, हे तिला कळले होते.

दुपारी दाल-बाफले झाले. बाफला म्हणजे गव्हाच्या कणकेचा गोळा, आधी उकडायचा, मग गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचा, आणि मग तुपात बुडवायचा. शिंपडायचे किंवा लावायचे नसते, बुडवायचेच. त्यानंतर पुतणीला आहारातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण या विषयावर सांगायचे होते. तिने स्वतः तीन बाफले खाल्ले होते. तिने तो विषय पुढच्या भेटीसाठी ठेवला.

मग ब्लडप्रेशर. ओसरीसमोर अर्धे गाव जमले होते. मांजीचे निघाले एकशे वीस-ऐंशी. पोरींना वाटले यंत्र बिघडले. पुन्हा घेतले, तेवढेच. सुनांचे ठीक. मोठ्या मुलाचे ठीक. कुणाचेच जास्त नाही म्हटल्यावर पोरींचा उत्साह मावळला, कारण फॉर्मात एक कलम होते, 'नव्याने आढळलेले रुग्ण', आणि ते रिकामे राहणार होते. तेवढ्यात मांजीने माझ्याकडे बोट केले. "इनको देखो नी."

मी नाही म्हटले. गावाने आग्रह केला. खाटेवर बसून मी बाही वर केली, पट्टा आवळला गेला, आणि पुतणीच्या चेहऱ्यावरून मला कळले. तिने तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकशे साठच्या वर. शेवटचा आकडा मैत्रिणीने मोठ्याने वाचला आणि जमलेल्या गावाने एकदम श्वास सोडला, जणू कुणीतरी षटकार मारला.

"कईं खावे यो?" मांजीने विचारले. हा प्रश्न पुतणीला नव्हता, मला होता. खरे सांगणे भाग पडले. सकाळी पोहे, त्यावर शेव. इंदुरात पोहे वाफेवरच, आणि शेव-जीरावनाशिवाय ते कुणी पोहे मानत नाही. जेवणात शेव-टमाटर. दही असेल तर त्यावर शेव. खिचडीवर शेव. काही नसेल तर नुसती शेव. मांजी उठली, आमच्या गाडीकडे गेली, मागच्या सीटवरची पिशवी घेऊन आली आणि ओसरीवर ठेवली. दोन किलोतली दीड उरली होती. तिने ती नातवंडांना वाटली. माझ्यासमोर.

फॉर्मचा प्रश्न मात्र राहिला. पुतणीने नाव, वय, आकडा लिहिला. पत्त्यापाशी येऊन थांबली. दत्तक गावाचा रहिवासी नसल्याने मला धरता येईना. त्या कलमात शेवटी शून्य गेले, आणि मी तिथल्या आकडेवारीत कुठेच नाही.

परत येताना गाडी पुतणीने चालवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तपासण्या, गोळी सुरू. तो भाग कंटाळवाणा आहे.

महिनाभराने, रविवारी सकाळी नऊला, पुतणीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पुतणीने तिला दिलेला नंबर मांजीने नातवाकडून लावून घेतला होता. इकडची तिकडची चौकशी झाली, आईशी बोलणे झाले, दोघी म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न कळता पाच मिनिटे बोलल्या आणि अगदी समाधानाने. मग मांजीने विचारले, "बीपी वाळा काका कां है?"

आईने फोन माझ्याकडे फिरवला. मी हसून हात जोडले. समोर टेबलावर पोह्यांची बशी होती. मांजीचा चेहरा पडद्याजवळ आला, इतका की नुसती नाकातली नथ दिसू लागली. "थाळी बताओ."

मी घाईने कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. आईने तो बाजूला केला.